गुंगालिनचे उंदीर आणि भाचीचा प्रश्न

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे महिनाभर राहण्याचा योग आला. भाऊ ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरा शहराच्या उत्तरेस गुंगालिन नावाचा भाग आहे, तेथे राहतो. २०१९ पासून तेथून शहराच्या मध्यापर्यंत ट्राम धावते. पहिल्याच सकाळी अंगणात ओळखीचा आवाज ऐकू आला आणि पाहते तो आपली मार्तें! कोकणात हिलाच साळुंकी म्हणतात. शेजारच्या गोऱ्या काकांनी मात्र तिला पकडण्यासाठी पिंजरा लावला होता. हा पक्षी येथे १९६८ च्या सुमारास आणून सोडला, आता तो इथल्या पाखरांच्या ढोली बळकावतो, असे त्यांचे म्हणणे. हा पिंजरा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे मला त्याकडे पुन्हा यायचे आहे.

माझी भाची सोळा वर्षांची आहे. ती गुंगालिनच्या सार्वजनिक वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आली व म्हणाली, "आत्या, ही वाच. रात्री झोप येणार नाही." रिचर्ड प्रेस्टन ह्या अमेरिकन लेखकाची ‘द कोब्रा इव्हेंट’ ही ती कादंबरी, १९९७ साली प्रसिद्ध झालेली. न्यूयॉर्कच्या एका शाळेतील मुलगी अचानक भयंकर रीतीने मरण पावते आणि एक तरुण स्त्री डॉक्टर शोध घेऊ लागते. तेव्हा कळते की हा रोग नैसर्गिक नाही. पृथ्वीवर माणसांची गर्दी फार झाली, ती कमी केली पाहिजे, असे मानणाऱ्या एका माणसाने निरनिराळ्या विषाणूंचे तुकडे जोडून तो घडविलेला आहे. १९९८ साली त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी ही कादंबरी वाचली व अस्वस्थ होऊन असे खरोखर घडू शकते काय, याची तज्ज्ञांकडे चौकशी केली, हे त्या काळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

जेवताना मी भावाला म्हटले, "असले राक्षस पुस्तकातच असतात." तो हसला. म्हणाला, "ताई, राक्षसाचे मला ठाऊक नाही. पण तसा एक विषाणू ह्याच गावच्या लोकांच्या हातून तयार झाला होता, आणि ते सगळे सज्जन होते." त्याने सांगितलेली हकीकत मी नंतर वाचून ताडून पाहिली. ती आपल्या वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

गुंगालिनमध्ये बार्टन हायवेच्या बाजूला एक जुने घर आहे. त्या आवारात ऑस्ट्रेलिया सरकारच्या सी.एस.आय.आर.ओ. ह्या विज्ञानसंस्थेचा वन्यजीव विभाग अनेक वर्षे होता. शेतीची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त करणे हे त्याचे एक काम. ह्या देशात काही वर्षांनी उंदरांची टोळधाड येते. गव्हाची कोठारे, घरे, शाळा, सगळीकडे उंदीरच उंदीर. विष घालून ते मरतात, पण त्याबरोबर इतर जीवही मरतात. तेव्हा ह्या विभागाशी निगडित संशोधन केंद्रातील रॉन जॅक्सन आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील इयन रॅमशॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सौम्य उपाय योजला: उंदरांना मारायचे नाही, त्यांना फक्त पिल्ले होऊ द्यायची नाहीत.

उंदरांना एक देवी येते. आपल्या आज्या ज्या रोगाला देवी म्हणत, त्याच कुळातील विषाणू, पण तो माणसाला लागत नाही. शास्त्रज्ञांनी ह्या उंदीर-देवीच्या विषाणूत उंदराच्या स्त्रीबीजाच्या आवरणातील एका प्रथिनाचे जनुक घातले. हेतू असा की मादीच्या शरीराने विषाणूशी लढताना स्वतःच्या बीजालाही शत्रू समजावे, आणि गर्भ राहू नये. काही जातींच्या उंदरांत हा परिणाम पुरेसा होईना. म्हणून त्यांनी आणखी एक जनुक घातले, इंटरल्यूकिन-४ नावाच्या द्रव्याचे. हे द्रव्य प्रतिपिंडे वाढविते. प्रतिपिंडे वाढली की वांझपण पक्के होईल, असा हिशेब होता.

परंतु शरीराच्या सैन्याला दोन हात असतात. एक हात प्रतिपिंडे बनवितो. दुसरा हात रोगट पेशी शोधून ठार मारतो. देवीसारख्या रोगात दुसऱ्या हाताची फार गरज असते. इंटरल्यूकिन-४ ने पहिल्या हाताला बळ देताना दुसरा हात बांधून टाकला. ज्या जातीचे उंदीर जन्मतःच ह्या रोगाला दाद देत नाहीत, ते पटापट मेले. लस टोचलेल्या उंदरांपैकीही सुमारे निम्मे मेले. संततिनियमनाचे साधन करायला गेले आणि लसीलाही न जुमानणारा मारेकरी हाती आला.

आता त्यांना खरी भीती वाटली, ती उंदरांची नव्हे. माणसाच्या देवीत कोणी हेच जनुक घातले तर? देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा ८ मे १९८० रोजी झाली. त्या कामाची तपासणी करणाऱ्या जागतिक आयोगाचे अध्यक्ष फ्रँक फेनर ह्याच कॅनबेराच्या विद्यापीठातील, आणि त्यांनी आपले संशोधन ह्याच उंदीर-देवीवर सुरू केले होते! देवीचा विषाणू आज अमेरिका व रशियातील दोन प्रयोगशाळांत अधिकृतपणे जपून ठेवलेला आहे. जॅक्सन व रॅमशॉ यांनी सरकारी अधिकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि २००१ च्या आरंभी निष्कर्ष जगापुढे मांडले. जगाला सावध करणे हा त्यांचा हेतू होता. चोराला किल्लीचा नमुना दिलात, अशी टीका त्यांच्यावर झाली. २००३ साली अमेरिकेत मार्क बुलर यांनी उपाय शोधण्याच्या हेतूने ह्याहूनही घातक उंदीर-देवी तयार केली. उंदरांना वांझ करणारा विषाणू मात्र आजतागायत कोठेही मोकळा सोडलेला नाही.

प्रसिद्ध केले ते योग्य केले, असे माझे मत आहे. गुप्त ठेवलेले ज्ञान काही काळाने दुसऱ्या कोणाला सापडतेच, आणि तेव्हा सावध करणारे कोणी नसते. माझी तक्रार त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. त्याच विद्यापीठातील म्यूलबाखर व लोबिग्स ह्या दोघा शास्त्रज्ञांनी २००१ सालीच लिहिले की असा मारक विषाणू निर्माण होईल, हे पूर्वीच्या ज्ञानावरून आधीच ओळखता आले असते. म्हणजे हे ज्ञान जवळपासच होते. काम सुरू होण्यापूर्वी ‘ह्यातून काय बिघडू शकेल?’ हा प्रश्न सर्वांनी एकत्र बसून विचारला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या बेटावरच्या लोकांची आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर चोवीस ससे सोडले, त्यांनी खंड व्यापला. १९५० साली त्यांच्यावर मिक्सोमा विषाणू सोडला. चाचणीच्या जागेतून तो डासांबरोबर निसटला व कोट्यवधी ससे मेले. त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोक घाबरले. तेव्हा बर्नेट, फेनर व क्लूनिस रॉस ह्या तिघांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला व तो माणसाला अपाय करीत नाही हे दाखविले. मुंबईच्या प्लेगात १८९७ च्या जानेवारीत हाफकीन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्याची येथे आठवण होते. पुढे सशांवर दुसरा विषाणू आणला, तेव्हा चाचणीसाठी मुद्दाम वॉर्डँग नावाचे बेट निवडले. पाणी हेच कुंपण! १९९५ च्या ऑक्टोबरात तोही समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर आला.

बेट हे कुंपण नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या पूर्वजांच्या जहाजांतून रोग येऊ नये म्हणून गिरमिट्यांना इल प्लातवर अडकवून ठेवीत, तरी १८९९ साली प्लेग मॉरिशसमध्ये आलाच. त्याचे उंदीर मारण्यासाठी १९०० साली मुंगूस आणून सोडले. उंदीर आजही उसात आहेत, आणि मुंगूस जमिनीवरच्या पाखरांची अंडी खातो. अठराव्या शतकात टोळांवर उपाय म्हणून भारतातून मार्तें आणली. तिने टोळ खाल्ले, तिचे नाव झाले. पण तीच कॅनबेरात पिंजऱ्यात जाते. एका जागचा उपकार दुसऱ्या जागी उपद्रव ठरतो. ऑस्ट्रेलियात ससा नको म्हणून त्याला वांझ करणारा विषाणू शोधीत होते, त्याच काळी स्पेनमध्ये ससा जगावा म्हणून त्याला रोगापासून वाचविणारा, आपोआप पसरणारा विषाणू तयार करीत होते. दोन्ही मोकळे सुटले असते तर? उंदीर तर प्रत्येक बंदरात आहेत. आपल्या बंदराला कोणी विचारले होते काय?

एवढे ऐकल्यावर भाचीने विचारले, "आत्या, मग मी हा विषय शिकू नये का? मला तर पुढे जनुकशास्त्रच शिकायचे आहे." मी पटकन म्हटले, "नको ग बाई, दुसरे काहीतरी घे." ती काही बोलली नाही. पुस्तक घेऊन आत गेली. भावजयीने नुसते माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे शाळेत शिकविणाऱ्या बाईने मुलीच्या प्रश्नाला असे उत्तर द्यावे, ह्याची मला त्या रात्री लाज वाटली.

कारण माझी आई रोज सकाळी जे इन्सुलिन टोचून घेते, ते ह्याच विद्येचे फळ आहे. माणसाचे जनुक सूक्ष्म जंतूत घालून केलेले इन्सुलिन १९८२ पासून मिळू लागले. आपल्या बेटावर मधुमेह किती घरांत आहे हे मी सांगायला नको. आणि माणसाने हात लावला नाही तरी निसर्ग स्वतः जनुके बदलतोच. २००५-०६ सालची चिकुनगुन्या आठवा. विषाणूच्या एका प्रथिनातील एकच घटक बदलला आणि आपल्याकडचा साधा वाघ्या डास त्याचे उत्तम वाहन झाला. रेयुनियाँ बेटावर जवळजवळ दर तीन माणसांमागे एकाला तो ताप झाला. हा बदल कोणी ओळखला? जनुकशास्त्र शिकलेल्यांनीच. अशी माणसे नकोत असे म्हणणारी मी कोण?

म्हणून कादंबरीबद्दल माझे मत असे. मुलांनी ती जरूर वाचावी, ती जागे करते. पण तिच्यात एक उणीव आहे. ती सगळे पाप एका वेड्या माणसाच्या माथी मारते, आणि पुस्तक मिटल्यावर आपल्याला वाटते की तो सापडला, संकट टळले. गुंगालिनच्या गोष्टीत पकडायला कोणी नव्हता. शेतकऱ्याचे धान्य वाचवू पाहणारी भली माणसे होती, पगारी नोकरी होती, नियम पाळले होते. अशा ठिकाणी पोलीस काय करणार? तेथे आधी प्रश्न विचारणारी माणसेच पाहिजेत, आणि ती प्रयोगशाळेच्या आतही हवीत व बाहेरही.

बाहेरची माणसे म्हणजे आपण. आपल्या देशात २००४ साली जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयी कायदा संमत झाला. आपल्यापैकी किती पालकांनी त्याचे नाव ऐकले आहे? ऊस हे आपले जीवन आहे. उद्या नवे बियाणे, नवा डास, नवी लस आपल्या दारी येईल. ती सरसकट नाकारणे जितके चूक, तितकेच मान हलवून घेणे चूक. तीन साधे प्रश्न विचारावेत. चुकले तर हे परत बोलावता येईल काय? ज्यांच्यापर्यंत हे पोहोचेल त्यांना विचारले आहे काय? आणि बिघडले तर आधी कोणाला सांगणार, लोकांना की फक्त साहेबांना? हे विचारायला पदवी लागत नाही. बैठकेत, शाळेच्या पालकसभेत, आपल्या मराठीत किंवा क्रियोलीत ते विचारता येतात.

परत येण्याच्या आदल्या दिवशी भाची मला मुलिगन्स फ्लॅट नावाच्या राखीव रानात घेऊन गेली. तेही गुंगालिनमध्येच आहे. तेथे कोल्ह्या-मांजरांना अडविण्यासाठी उंच तारेचे कुंपण घातले आहे, आणि ह्या भागातून नाहीसा झालेला बेटाँग नावाचा लहानसा प्राणी २०१२ साली आत आणून सोडला आहे. जाळीला हात लावून ती म्हणाली, "हे चुकले तर काढून टाकता येईल, नाही का?" मी म्हटले, "हो. आणि तू तुझा विषय सोडू नकोस. फक्त हा प्रश्न बरोबर ने." तिने मान डोलावली. माझे आधीचे उत्तर तिने विसरावे, एवढीच माझी इच्छा आहे.