गाडी सगळं घर वापरतं, मग?

दिव्यांगांच्या गाडीला करसवलत म्हटलं की टोमणा ठरलेला: "गाडी तर सगळं घर वापरतं!" वापरणारच. ज्याला पाय साथ देत नाहीत, त्याला दवाखान्यात, मंदिरात घरचंच कोणीतरी नेणार ना?

२०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार. जीएसटीची सवलत मात्र ४० टक्के किंवा अधिक अस्थिव्यंगालाच होती. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनी काय करायचं? शिवाय सवलतीचा दर होता १८ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर सर्वांनाच १८. मग खास सवलत उरली कुठे?

गैरवापराची भीती वाटते? पाच वर्षांतून एकदाच, हा नियम ठेवा. पण स्टिअरिंग कोणाच्या हातात, हे विचारू नका. गाडीवाचून कोणाचं अडतं, ते विचारा.