औषध एकाचं, पथ्य घराचं

आपल्याकडे औषध ही घराची सामाईक वस्तू असते. आजोबांची पित्ताची गोळी नातू घेतो. शेजारच्या काकूंचं दुखणं आपल्यासारखंच वाटलं की आपण पट्टी कापून अर्धी त्यांच्या हातावर ठेवतो. उरलेल्या गोळ्या "लागतील कधीतरी" म्हणून डब्यात जातात. यात मायाच असते. पण काही औषधांपुढे ही माया चालत नाही. त्यातल्या एकाबद्दल आज लिहिते.

आमच्या धाकट्या भावजींना दोन वर्षांपूर्वी मल्टिपल मायलोमा निघाला. हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. यात हाडांमधल्या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात. उपचारात लेनालिडोमाइड नावाची कॅप्सूल आहे. २१ दिवस रोज एक, मग ७ दिवस सुट्टी, पुन्हा तेच. सुई नाही, सलाईन नाही. त्यामुळे घरातल्यांना ती रक्तदाबाच्या गोळीसारखीच वाटते. खरा धोका इथेच आहे.

या औषधाचं घराणं माहीत असायला हवं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध निर्धोक म्हणून बाजारात आलं, तेही चिठ्ठीशिवाय. गरोदर बायका मळमळीवर ते घेऊ लागल्या. १९६१च्या अखेरीस ते तिथे मागे घेतलं गेलं, पण तोवर फार उशीर झाला होता. जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून मंजुरी अडवून धरली. तेच थॅलिडोमाइड २००६ साली तिथे मायलोमासाठी मंजूर झालं. लेनालिडोमाइड हे त्याचंच भावंड. रोग्याला तारक, गर्भाला मारक.

तुम्ही म्हणाल, भावजी अडुसष्ट वर्षांचे, त्यांचा गर्भाशी काय संबंध? पण आपल्या घरांत औषधं काढून देतं कोण? बहुतेक वेळा सूनच. भावजींची सून लग्न होऊन आलेली नवीन, कामाला तत्पर. तिने मला विचारलं, "काकू, बाबांना गिळायला जड जातं. कॅप्सूल फोडून मधातून देऊ का?" विचारलं हे फार बरं केलं. ही कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं. गरोदर असलेल्या किंवा असू शकणाऱ्या बाईने तिला, तिच्या पट्टीलाही हात लावायचा नाही. इतर कुणी काढून देत असेल तर हातमोजे घालून. भुकटी अंगावर सांडलीच तर साबणाने धुवायचं. आता भावजी आपली कॅप्सूल आपणच काढून घेतात. तिची डबीही वेगळी आहे.

आणखी एक गोष्ट संकोचाने कुणी बोलत नाही. हे औषध वीर्यात उतरतं. त्यामुळे औषध घेणाऱ्या पुरुषाची पत्नी मूल होण्याच्या वयाची असेल तर निरोध वापरावाच लागतो. रक्तदानही बंद, औषध थांबल्यावरही काही आठवडे. आमच्या पिढीला हे शब्द उच्चारायची लाज वाटते. मी उभा जन्म वर्गात बोलण्यात घालवला, म्हणून स्पष्ट लिहिते. लाजेपायी एखाद्या बाळाचं आयुष्य पणाला लावू नये.

रोग्यानेही जपायचं असतं. रक्ताच्या गाठी होऊ शकतात. एक पाय सुजला, दुखू लागला, छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. डोस विसरला आणि बारा तास उलटून गेले तर तो सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. हाडं दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक आणायचं नाही. या रोगात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात. शेजारच्या गावात कुणाला हाच रोग आहे म्हणून उरलेल्या कॅप्सूल त्याला देणं हे पुण्यही नव्हे. मूत्रपिंड कसं काम करतं ते पाहून मात्रा ठरते, ती प्रत्येकाची वेगळी. उरलेलं औषध परत दवाखान्यात द्यावं.

माझं मत इतकंच. असं औषध पहिल्यांदा हातात देताना रोग्याबरोबर घरच्यांनाही, विशेषतः सुनांना आणि मुलांना, समोर बसवून मराठीत समजावून सांगावं आणि मराठीतला कागद द्यावा. आणि डॉक्टर घाईत असतील तर आपण खुर्चीवरून उठू नये, विचारत राहावं. वर्गात प्रश्न विचारणारं मूल मला नेहमीच आवडायचं.