बोंडातली अळी आणि वांझ पतंग

आठवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, औषध अळीसाठी असते ना? मग चक्कर अब्बूंना का येते?" तिचे अब्बू हंगामात पाठीवर पंप अडकवून दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीला जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास माणसे दगावली, हे त्या पोरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते. वरचे विष तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून फवारे वाढत जातात. बीटी कापूस आला तेव्हा काही वर्षे सुटका झाली, पण पुढे अळीने तोही पचवला. बियाण्याबरोबर कडेने लावायला साध्या कापसाचे पाकीट मिळत असे. साध्या झाडांवर वाढलेले पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांत मिसळावेत, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे कित्येकांनी ते लावलेच नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात अळी हीच आणि कापूसही बीटीच. तिथे साधा कापूस नेमाने लावला गेला. मग 2006 ते 2014 या काळात त्या भागात आणि उत्तर मेक्सिकोत विमानांतून 11 अब्जांहून अधिक वांझ पतंग सोडले. प्रयोगशाळेत वाढवून, किरणांनी वांझ केलेले. रानातल्या मादीची जोडी अशा नराशी जमली की तिची अंडी वाया जातात. 2018 मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचे जाहीर केले.

अडचण एकच. पतंगाला वांझ करायला किरणांची मात्रा फार मोठी लागते आणि तेवढ्याने तो अशक्त होतो. रानातल्या धडधाकट नरापुढे त्याचा निभाव कसा लागावा? म्हणून शास्त्रज्ञ आता थेट बीजपेशींच्या जनुकांकडे वळले आहेत. इतर पेशीतला बदल त्या जिवाबरोबर संपतो, बीजपेशीतला पुढच्या पिढीत उतरतो. पतंगाच्या नरात शुक्राणू दोन प्रकारचे असतात, केंद्रक असलेले आणि नसलेले. नसलेल्यांतून वारसा जात नाही, तरी त्यांच्यावाचून अंडे फळत नाही! रेशीमकिड्यात 'सेक्स-लीथल' नावाचे जनुक बंद केले तर हेच शुक्राणू बिघडले आणि नर वांझ झाले. म्हणजे किरणांचा मारा न करता नेमका तेवढाच धागा तोडता येईल, अशी आशा आहे. न्यूयॉर्क राज्यात 2017 साली कोबीवरच्या पतंगाचे असे नर शेतात सोडून पाहिले, ज्यांच्या मादी-संततीची अळी मोठी होण्याआधीच मरते.

हे घरी सांगत होतो तर अम्मी तस्बीह थांबवून म्हणाल्या, "अल्लाहच्या मखलूकात हात घालायचा?" आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नव्हे. एवढेच म्हणालो, की फवारा मधमाशी पाहत नाही, मजूर पाहत नाही. वांझ नर फक्त आपल्याच जातीच्या मादीकडे जातो आणि औलाद मागे न ठेवता मरतो. वंश चालवणारे जनुक रानात सोडायचे असेल तर मात्र अम्मींची शंका आमचीही आहे, कारण ते परत बोलावता येत नाही. अम्मींना निम्मेच पटले.

त्या मुलीला वर्गात हे सगळे सांगितले. तिने विचारले, "ती विमाने आपल्याकडे कधी येणार?" आपली शेते लहान, बांधाला बांध लागून. एकाने केले आणि शेजाऱ्याने नाही, तर उपयोग नाही, असे आम्ही म्हणालो. मग वहीच्या मागच्या पानावर तिला लिहून दिले: तोंडाला फडके, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि घरी आल्यावर लहान भावाला उचलण्याआधी अंघोळ.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, अब्बूंनी फडके बांधले. हातमोजे शेतमालकाने दिले नाहीत.