सातपुड्याची माती खाली, प्रश्न माथ्यावर

पावसाळा लागला की गोमाईचे गढूळ पाणी प्रकाशाजवळ तापीला मिळते. धडगावकडची उदई तशीच गढूळ होऊन नर्मदेकडे जाते. आपण म्हणतो, नदीला पूर आला. त्या पुरासोबत शेताचा सकस वरचा थरही चाललेला असतो, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

धूप होते कशी? टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळला की ढेकूळ फुटते. सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. वाहताना ते सगळ्या शेतावरून पातळ थर काढून नेते, ती सालकाढी धूप. डोळ्याला दिसत नाही म्हणून हीच जास्त फसवते. पाणी एकवटले की ओघळी पडतात. ओघळी नांगराने बुजतात, पण दुर्लक्ष केले तर त्यांच्या घळी होतात. घळीत औत चालत नाही.

एकरावरून एक मिलिमीटर माती गेली तर वजन भरते सुमारे ५ टन. १९८३ साली देहरादूनच्या मृदसंधारण शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती जागा सोडते. म्हणजे एकरी साडेसहा टन! सोबत खत आणि शेणखतही जाते. इंचभर माती बनायला मात्र शेकडो वर्षे लागतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याचा बराच भाग डोंगरउताराचा. झाडोरा विरळ झाला, उतारावर ज्वारी-मक्याची पेरणी आली, आणि पावसाचा जोर मात्र तोच राहिला. वरची जमीन मुरमाड होते, खालच्या नाल्या-तलावांत गाळ बसतो. वरच्याचे पीक घटते, खालच्याचे पाणी घटते. नुकसान दोघांचे.

सरकारने काही केले नाही असे नाही. जमीन सुधारणेचा कायदा १९४२ चा, रोजगार हमीचा १९७७ चा. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आले, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. तलावातला गाळ शेतात टाकणे चांगलेच. पण माथा उघडा ठेवून पायथ्याचा गाळ उपसत बसलो, तर तीच माती पुन्हा पुन्हा उचलावी लागेल. मशीनचे काम लवकर दिसते, बिलही लवकर निघते. माथ्यावरचे सलग समतल चर आणि ओघळीतले अनघड दगडांचे बांध हाताने करावे लागतात, म्हणून ते मागे पडतात.

दुसरी अडचण वनजमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा लोंबकळत असला, तर उद्या जमीन आपली राहील की नाही या शंकेने कसणारा बांधावर मेहनत करीत नाही. दावे निकाली काढणे हेही मृदसंधारणाचेच काम आहे, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शेतकऱ्याच्या हाती काय? नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घ्यावे, म्हणजे ज्वारी निघाल्यावरही जमीन झाकलेली राहते. बांधाला दगडी सांडवा ठेवावा. सांडव्याविना बांध फुटला की नुकसान दुप्पट. बांधावर गवत धरावे. मातीकाम हिवाळ्यातच उरकावे. मे अखेरीस घाईने टाकलेली भुसभुशीत माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहते.

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला गावाच्या विकासकामांना मंजुरी देण्याचा अधिकार आहे. सरपंच-ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न ठेवावा : यादीतली किती कामे माथ्यावर आणि किती पायथ्याशी? उत्तर पायथ्याकडे झुकले, तर यादी तिथेच बदलून घ्यावी.