शब्दांची ओळख : क्रिशेंडो

या महिन्याचा शब्द इटलीतून इंग्रजीत आला आहे. स्पेलिंग पाहून बरेच जण ‘क्रेसेंडो’ वाचतात. इथे एस आणि सी मिळून ‘श’ होतो, म्हणून उच्चार क्रिशेंडो. जोर ‘शें’वर द्यायचा.

अर्थ सोपा आहे : आवाज हळूहळू मोठा होत जाणे. मोहरमच्या दिवसांत लांबच्या मोहल्ल्यातून ताशा निघतो. आधी नुसती चाहूल लागते, मग ठेका कळू लागतो, मग तो गल्लीच्या तोंडाशी येतो आणि शेवटी दारासमोर छातीत वाजतो. चाहुलीपासून दारापर्यंतचा जो चढ, त्याला क्रिशेंडो म्हणायचे. दारासमोरच्या दणक्याला नव्हे.

दोन गोष्टींशी त्याची गल्लत होते. स्वर वर चढणे वेगळे आणि लय वाढणेही वेगळे. कव्वाली रंगात येते तेव्हा टाळ्यांची गती वाढते, गाणाऱ्याचा सूर चढतो आणि आवाजही भरतो. तिन्ही एकदम होते, म्हणून आपल्याला ते एकच वाटते. त्यातले फक्त आवाजाचे भरत जाणे घ्या. फ्रेंच संगीतकार राव्हेल यांची १९२८ सालची ‘बोलेरो’ ही रचना याचा उत्तम नमुना. सुमारे पंधरा मिनिटे तोच ठेका, त्याच दोन धुना आलटून पालटून, लय जवळजवळ तीच. फक्त एकेक वाद्य येऊन मिळत जाते आणि आवाज वाढत राहतो. पाश्चात्त्य संगीताच्या कागदावर यासाठी आडवे, लांबट चिन्ह असते, गणितातल्या ‘पेक्षा लहान’सारखे. ते उलटे केले की आवाज कमी करत जायची खूण. त्या उताराला डिमिन्युएंडो किंवा डिक्रिशेंडो म्हणतात.

शब्दाचे घराणे पाहिले की अर्थ पक्का बसतो. लॅटिनमध्ये ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे. त्यातून इन्क्रीज आला, डिक्रीज आला आणि क्रेसंटही आला. चाँदरातीला गच्चीवर जाऊन आपण जी कोर शोधतो ती वाढणारी असते, म्हणून मूळ अर्थाने अस्सल क्रेसंट तीच. पुढे इंग्रजांनी घटत्या कोरीलाही तेच नाव दिले. काँक्रीटसुद्धा याच कुळातले : एकत्र वाढून घट्ट झालेले. वाढणे ही क्रिया आहे, तिला वेळ लागतो. हे लक्षात ठेवले की क्रिशेंडो चुकत नाही.

तरीही तो सर्रास चुकतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘रीच्ड अ क्रिशेंडो’ असे रोज दिसते, म्हणजे अमुक गोष्ट शिगेला पोहोचली. फिट्झेराल्डच्या १९२५ सालच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतही तो असाच आला आहे आणि आता शब्दकोशांनीही हा अर्थ नोंदवला आहे. त्यामुळे परीक्षेत कोणी गुण कापू नयेत. पण शिगेसाठी ‘पीक’ आणि ‘क्लायमॅक्स’ हे शब्द असताना चढाचा एकुलता एक शब्द का खर्चावा, असे आम्हाला वाटते.

हा फरक कागदावरचा वाटत असेल तर किल्लारीचा भूकंप घ्या. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्या भागात शंभरावर लहान धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा त्यांत मोठा. जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत, लोक रात्री घराबाहेर झोपत. त्यानंतर धक्के विरळ होत गेले. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नऊ हजारांहून अधिक माणसे गेली.

या घटनेवर इंग्रजी निबंध लिहिताना ‘द ट्रेमर्स रोज इन अ क्रिशेंडो’ असे वाक्य सहज सुचते. व्याकरणात ते बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की हादरे क्रमाने वाढत गेले आणि शेवटी मोठा आला. तसे झाले नव्हते. आधी वाढले, मग ओसरले आणि मग सर्वांत मोठा आला.

त्या पिढीतल्या दादी-नानी अजून म्हणतात, “जमीन वर्षभर सांगत होती, आपणच ऐकलं नाही.” क्रिशेंडो हा शब्द लावला की हा आळ आपण पक्का करतो, कारण क्रिशेंडो संगीतकाराने आधी लिहून ठेवलेला असतो. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते कळते. जमिनीखाली असे लिहिलेले काही नसते. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठा भूकंप न होताच संपतात. कोणती मालिका मोठ्या भूकंपापूर्वीची होती, हे तो होऊन गेल्यावरच ठरते. आजही जगातला कोणताही शास्त्रज्ञ दिवस आणि वेळ आधी सांगू शकत नाही. दादीला हे घरातल्या कोणीतरी सांगायला हवे. माणसे मेली ती मुख्यतः माळवदाच्या घरांमुळे : चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छत. ऐकण्यात कमी पडल्यामुळे नव्हे.

भूकंपानंतरच्या धक्क्यांना मात्र उताराचा शब्द बराचसा चालतो. जपानचे ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवले की मोठ्या भूकंपानंतर धक्क्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात घटत जाते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी साधारण दहा. ‘बराचसा’ यासाठी म्हटले, की घटते ती संख्या. एखादा धक्का मधूनच जोराचा बसू शकतो.

आता वहीत दोन वाक्ये लिहा. पहिले पत्र्यावरच्या पावसाचे : ‘द रेन ऑन द टिन रूफ ग्रू इन अ स्लो क्रिशेंडो’, म्हणजे पत्र्यावर पावसाचा आवाज हळूहळू वाढत गेला. दुसरे तुमचे स्वतःचे. अम्मीच्या शिवणयंत्राचे लिहिणार असाल तर आधी नीट ऐका : पायडल जोरात मारल्यावर आवाज वाढतो की नुसता वेग?