शंभरातले अडीच आणि बाकीचे

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : पुरुषांच्या वार्षिक बेरोजगारीचा आकडा नाशिककरांना समजेल असा मांडण्याबाबत



नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या 2023-24 च्या अहवालानुसार देशात 15 वर्षांवरील पुरुषांचा बेरोजगारी दर 3.2 टक्के होता. 2017-18 मध्ये, सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षी, तो 6.1 टक्के होता. दर जवळपास निम्म्यावर आला, ही चांगली बातमी. पण आमच्या सातपूरमध्ये ती वाचून दाखवली की ज्याच्या घरी तरुण मुलगा बसून आहे, तो बाप विचारतो, "मग आमचाच पोरगा कसा राहिला?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालाच्या व्याख्यांमध्ये आहे, आणि त्या त्याच्यापर्यंत कोणी पोचवलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट, हे 3.2 टक्के सगळ्या पुरुषांपैकी नाहीत. शंभर पुरुषांतले सुमारे 79 जण काम करतात, काम शोधतात किंवा मिळाले तर करायला तयार असतात. टक्केवारी त्यांच्यातूनच निघते, म्हणजे शंभरामागे बेरोजगार ठरतात अडीच. उरलेल्या 21 जणांत विद्यार्थी आहेत, म्हातारे आहेत, आजारी आहेत. वणवण करून थकलेला आणि आता कामाची तयारीच सोडून दिलेला माणूसही त्यांच्यातच जातो. त्याने ती सोडली की बेरोजगारीचा दर उलट कमी दिसतो.

दुसरी गोष्ट, काम कशाला म्हणायचे? पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणारा मजूर डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर छाटणीला तो कात्री घेऊन उतरतो, पुढे विरळणी करतो, काढणीला क्रेट उचलतो. समजा एखाद्या वर्षी अवकाळीने बाग झोपली आणि त्याला चाळीसच दिवस काम मिळाले. बाकीचे वर्ष तो काम शोधत फिरला, तरी वार्षिक हिशेबात तो रोजगारातच धरला जातो, कारण वर्षभरात तीस दिवसांचे दुय्यम कामही पुरेसे असते. याच सर्वेक्षणातल्या साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात एक तास काम केले तरी चालते. आयटीआय करून कंत्राट संपलेला मुलगा घरच्या दुकानात बिनपगारी बसला, तर तोही कामावरच.

ही फसवणूक नाही. देशांची तुलना करायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि आपली साप्ताहिक मोजणी जगभर रूढ असलेल्या एका तासाच्या नियमाला धरूनच आहे. माझी तक्रार आकड्याविषयी नाही. तो एकटाच घरोघर पोचतो, याविषयी आहे. "बेरोजगार नाही" याचा अर्थ "पोट भरण्याइतके काम आहे" असा होत नाही, हे त्याच पानावर साध्या मराठीत छापायला हवे.

सर्वेक्षण केंद्राचे असले तरी दरवर्षी निघणारे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन आपले आहे. जानेवारी 2025 पासून या सर्वेक्षणाची नमुना निवड जिल्हा हा पायाभूत घटक धरून होऊ लागली आहे. म्हणून विनंती अशी, की पुढील समालोचनात नाशिकसाठी, आणि नमुना अपुरा पडत असेल तर निदान राज्यासाठी, पुरुषांच्या बेरोजगारी दराशेजारी तीन गोष्टी द्याव्यात. शंभरातले किती पुरुष श्रमशक्तीत आहेत, कामावरच्यांपैकी किती पगारी, किती रोजंदारीवर, किती बिनपगारी घरच्या धंद्यात आहेत, आणि साप्ताहिक दर किती. खाली दोन ओळींत व्याख्या द्यावी.

"मागेल त्याला काम" हे वचन कायद्यात लिहिणारे हे राज्य आहे. काम कोणाला मिळाले नाही, हे त्याने आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत नीट सांगावे, एवढीच मागणी.

आपला,
सातपूर, नाशिक येथील एक रहिवासी