कपडेपटाची विद्या

नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे ठळक अक्षरांत असतात, लेखक आणि दिग्दर्शक यांची त्यांच्या खालोखाल. परंतु ज्याने त्या नाटकातील घर उभे केले, त्या घरात वावरणाऱ्या माणसांचे वय, ऐपत आणि कालमान त्यांच्या अंगावरील वस्त्रांतून पहिल्याच क्षणी प्रेक्षकांच्या मनावर ठसविले, त्या नेपथ्यकाराचे आणि वेशभूषाकाराचे नाव तळाशी बारीक टाइपात शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते तेथेही सापडत नाही. ही उणीव केवळ सौजन्याची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ज्या कामाला समाज नाव देत नाही ते काम आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून पत्करण्याचे धैर्य तरुण माणसांना होत नाही. आणि जे सोलापूर १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, कापडावर जगत आले, त्या गावात असे व्हावे हे मला फार खटकते.

ह्या व्यवसायात मराठी माणसाने गाठलेली उंची थोडीथोडकी नाही. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढच्या भानू अथैय्या, यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार, बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध. परंतु कन्या लहान असतानाच ते निवर्तले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत भानूताईंनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले, तेथे सुवर्णपदक मिळविले आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. चरितार्थासाठी त्यांनी स्त्रियांच्या नियतकालिकांत वेशांची रेखाटने केली, रेखाटनातून प्रत्यक्ष कपडे बेतण्याकडे वळल्या आणि गुरुदत्त यांच्या 'सी.आय.डी.'पासून, म्हणजे १९५६ पासून, चित्रपट हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. पुढील अर्धशतकात त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांचे कपडे केले. 'आम्रपाली'साठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रे आणि अलंकार यांचा अभ्यास केला, 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविले, आणि त्या दोहोंच्या आधी, ११ एप्रिल १९८३ रोजी, रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर पटकाविले. हा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

त्या कामाचे स्वरूप जरा जवळून पाहावे. चित्रपटाचा काळ १८९३ ते १९४८ असा पंचावन्न वर्षांचा. दक्षिण आफ्रिकेच्या आगगाडीत बसलेला तरुण बॅरिस्टर कोट, कॉलर आणि टाय अशा कडक इंग्रजी पोशाखात. १९१५ साली स्वदेशी परतलेला तोच माणूस काठेवाडी फेटा आणि अंगरखा घातलेला. आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे त्याने पंचा नेसला, तो अखेरपर्यंत. नायकाच्या मनात काय घडत गेले ते सांगण्यास संवादांना जो वेळ लागला असता, त्याच्या कितीतरी आधी ते कापडाने सांगितलेले असते; पण त्यासाठी कापड खरे असावे लागते. हातसुताचा जाडपणा, धुवून धुवून विरलेला पोत, घरात सूत कातणाऱ्याच्या अंगावरची खादी आणि पुढाऱ्याच्या अंगावरची इस्त्रीची खादी ह्यांतील अंतर, हे जाणल्यावाचून तो पंचा नाटकी दिसला असता. शिवाय अंत्ययात्रेच्या एका दृश्यात लाखोंचा समुदाय होता, आणि त्या समुदायातही प्रांतवार पागोटी, धोतरे, लुगडी वेगळी दिसणे आवश्यक होते.

हे काम भानूताईंनी एकटीने केले नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आणि लष्कराचे पोशाख जॉन मोलो यांनी केले, आणि पुरस्कारही दोघांच्या नावे आहे. हे मोलो मूळचे लष्करी गणवेशांचे अभ्यासक. बटणांची रांग कोणत्या पलटणीची, पट्ट्याचा रंग कोणत्या सालचा, ह्याचा व्यासंग करता करता ते चित्रपटसृष्टीत आले आणि 'स्टार वॉर्स'साठी त्यांनी आधीच एक ऑस्कर मिळविले होते. ज्या सोलापुरात आज शाळांचे, इस्पितळांचे, कारखान्यांचे गणवेश गठ्ठ्यागठ्ठ्यांनी शिवले जातात, त्या सोलापुराने ह्या गृहस्थाच्या चरित्राकडे अवश्य लक्ष द्यावे असे मला वाटते. गणवेश शिवणारा हात आणि गणवेशाचा इतिहास जाणणारी बुद्धी एकत्र आल्या की काय होऊ शकते ह्याचा तो दाखला आहे.

वस्त्राचे सामर्थ्य सोलापुराला शिकवावे लागू नये. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा डोक्यावरची साधी पांढरी टोपी सरकारच्या डोळ्यांत सलत होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या स्मृतीसाठी बांधलेल्या मंदिरातच आपण आज नाटके पाहतो. त्या रंगमंचावर १९३० सालची टोपी म्हणून आजच्या सभेतील पॉलिएस्टरमिश्रित टोपी चालवून घेणे ही मला किरकोळ चूक वाटत नाही.

आणि चालवून घेण्याचा हा शिरस्ता सार्वत्रिक आहे. हौशी मंडळी महिना-दीड महिना तालमी करतात, शब्द घोटतात, जागा बसवितात आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी कपडेपटवाल्याकडून ट्रंक आणतात. त्या ट्रंकेतील अंगरखा परवा संतपटात होता, काल पेशवाईत होता आणि आज शिवकालात आहे. त्याची जर काळवंडलेली, बंदांच्या जागी सेफ्टी पिना, खांद्याचे माप भलत्याच नटाचे. दोष कपडेपटवाल्याचा नाही. त्याने तुटपुंज्या भाड्यात ह्या गावची रंगभूमी वर्षानुवर्षे झाकून ठेवली आहे. दोष अंदाजपत्रकाचा आहे, ज्यात वेशभूषा ही विचाराची बाब न राहता 'भाडे' ह्या सदराखालची रक्कम होऊन बसते.

वास्तविक ही विद्या सूक्ष्म आहे. शुभ्र पांढरे कापड दिव्यांखाली इतके चकाकते की नटाचा चेहरा त्यापुढे मंद होतो. म्हणून जाणता माणूस ते चहाच्या पाण्यातून काढून त्याचा शुभ्रपणा मोडतो. हिरवे लुगडे लाल प्रकाशात काळे पडते. तेव्हा प्रकाशयोजनाकाराशी बोलल्याशिवाय रंग ठरविता येत नाही. गरिबाचा सदरा नवा शिवून कोठेही फाडून चालत नाही. तो कोपरांवर, कॉलरीच्या घडीवर, खिशाच्या कडेला झिजावा लागतो, कारण माणूस तेथेच कपडा झिजवितो. नऊवारी नेसलेल्या नटीची चाल, बसण्याची ढब आणि पदर सावरण्याची लकब तालमीतच लुगडे दिल्यावाचून येत नाही. ह्यातील एकही गोष्ट आदल्या दिवशीच्या ट्रंकेतून निघत नाही.

आपल्या रंगभूमीला ह्याचे भान पूर्वी होते. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, ललितकलादर्शसाठी पु. श्री. काळे यांनी देखावे सिद्ध केले, आणि बालगंधर्वांनी वस्त्रांच्या पायी मंडळीला कर्ज झाले तरी खऱ्या शालू-पैठणीची जागा खोट्या जरीला दिली नाही. त्या खर्चाचा हिशेब कोणी कसाही मांडो. त्यांच्या लुगडे नेसण्याचा कित्ता घरोघरच्या स्त्रियांनी गिरविला, ही गोष्ट जमाखर्चात न बसणारी आहे. पुढे द. ग. गोडसे यांच्यासारखा नेपथ्यकार झाला, ज्याने रंगमंचाची मांडणी आणि वेश ह्या दोहोंचा विचार एकाच दृष्टीने केला आणि 'पोत', 'शक्तिसौष्ठव', 'मस्तानी' यांसारखे ग्रंथ लिहिले. तीनशे वर्षांपूर्वीची एक स्त्री कशी दिसली असेल, काय नेसली असेल, ह्याचा शोध घेता घेता इतिहासालाच प्रश्न विचारणारा हा कलावंत होता. आणि आजही साहित्याच्या वर्गात त्याचे नाव जितके निघते तितके नाट्यमंडळांत निघत नाही ह्याचे मला वाईट वाटते.

सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी डॉ. जब्बार पटेल यांनी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आणले. त्यात वाडे, भिंती, दारे काहीच नव्हते. धोतर-उपरण्यांतील ब्राह्मणांची रांग हाच पडदा. ती डोलते, गाते, पाठ फिरविते आणि पाठ फिरवताच भिंत होते, फुटते तेव्हा वाट होते. उघड्या पाठींवरची जानवी आणि एकसारख्या शेंड्या ह्यांनीच तेथे पुणे शहर उभे राहते. खर्च अगदी थोडा, कल्पना अफाट. पैशावाचून नेपथ्य होत नाही म्हणणाऱ्यांना ह्याहून दुसरे उत्तर देण्याची गरज नाही.

मात्र ह्या व्यवसायात उपजीविकेची शाश्वती नाही, ही पालकांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. ती खरी आहे, आणि तिच्या मुळाशी आपली अनास्थाच आहे. भानूताईंना ऑस्कर मिळाले तेव्हा आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी सदरच नव्हते. ते १९८४ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी २०१२ मध्ये, आपल्या पश्चात ते सुरक्षित राहावे म्हणून, त्यांनी ते सन्मानचिन्ह ज्या अकादमीने दिले तिच्याकडेच परत सोपविले. ते ठेवण्यास खात्रीची जागा त्या मराठी कलावतीला आपल्या देशात दिसली नाही, ह्या घटनेची लाज आपण पुरेशी बाळगलेली नाही.

सोलापुरापुरती माझी मागणी स्पष्ट आहे. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने नेपथ्य आणि वेशभूषा ह्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवावा, आणि त्याचे अर्धे शिक्षण वर्गाबाहेर, पूर्वभागातील पद्मशाली विणकरांच्या मागांवर आणि गणवेशाच्या कारखान्यांतील कापणीच्या टेबलांवर व्हावे. कारखानदारांनी दरसाल दोन-चार होतकरू विद्यार्थ्यांना पगारी उमेदवारी द्यावी. कापड वाया न घालविता मापे काढण्याची जी हातोटी तेथील कारागिरांपाशी आहे ती पुस्तकांत नाही. नाट्यसंस्थांनी अंदाजपत्रकात वेशभूषाकाराचा मोबदला भाड्याहून निराळा दाखवावा आणि त्याला पहिल्या वाचनापासून बोलवावे. आणि जे वृद्ध कपडेपटवाले, पडदे रंगविणारे आणि रंगभूषाकार ह्या जिल्ह्यात आज हयात आहेत, त्यांच्या ट्रंका भंगारात जाण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक वस्त्राची नोंद, छायाचित्र आणि त्यामागची हकिकत त्यांच्याच तोंडून लिहून घेण्याची तजवीज ह्याच वर्षी सुरू व्हावी. अभ्यासक्रमाच्या मंजुरीचे कागद फिरत असतानाही हे काम करता येण्याजोगे आहे, आणि त्याला एक वही, एक कॅमेरा व दोन उत्साही विद्यार्थी पुरतील.